चेहरा बघून उघडलेलं दार

त्या शहरात प्रत्येकाला कोणी ना कोणी दिसलेलं होतं. दूधवाल्याला एक नायिका दिसली होती, बिनमेकअपची, जांभया देताना. शिंप्याकडे एक खलनायक पँट ढिली करून घ्यायला आला होता. शेजारच्या आजींना तर लिफ्टमध्ये एवढा मोठा नट भेटला, की त्या स्वतःचा मजला विसरून त्याच्याबरोबर थेट गच्चीपर्यंत गेल्या. आजवर कोणी म्हणून दिसलं नव्हतं ते एकट्या किल्लीकाकांना.

"दिसणार कसं?" काकू म्हणायच्या. "तुमची नजर कायम कुलपाच्या भोकात! उद्या देव समोर उभा राहिला, तरी आधी त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे का ते बघाल."

काका हसण्यावारी न्यायचे. एक चुकीचं दार उघडलं की कुलूपवाल्याची इज्जतही गेली आणि परवानाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांचा नियम होता: घराचा कागद दाखवा, नाहीतर ओळख पटवणारा शेजारी आणा, मगच हत्यारांची पेटी उघडेल. सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा त्यांनी त्याच्याच दाराबाहेर ताटकळत ठेवलं होतं, शेजारीण बाजारातून येईपर्यंत. मेव्हणा अजून बोलत नाही.

अशा या काकांना एका दुपारी पाचव्या मजल्यावर बोलावणं आलं, आणि बंद दारासमोर उभे होते ते साक्षात थोरले दादा! रोज संध्याकाळी टीव्हीवर बहिणींच्या पाठीशी उभे राहणारे, ज्यांच्यासाठी रडता रडता काकू भाजीत दोनदा मीठ घालायच्या, तेच.

"काका..." तोच मधाळ आवाज, दर शब्दामागे एक उसासा. "चावी गाडीत राहिली... गाडी शूटिंगला गेली. घर माझंच... आणि मीच पाहुणा."

'कागद...' एवढंच काकांच्या तोंडून निघालं आणि पुढचं तिथेच विरघळलं. उरलासुरला संकोच वॉचमनने घालवला. "काका, यांना कागद विचारताय? अहो, थोरले दादा आहेत ते!" वॉचमनला या इमारतीत लागून आठवडासुद्धा झाला नव्हता. दादांना मात्र तो कित्येक वर्षं ओळखत होता. टीव्हीवरून.

कुलूप खुट्कन उघडलं. दादा काकांच्या खांद्यावर थोपटून आत गेले. दार लागलं.

रस्त्यावर येताच काकांनी फोन लावला. "अगं, ओळख, आज मला कोण दिसलं!"

नाव ऐकून काकू अशा किंचाळल्या, की काकांनी फोन कानापासून हातभर लांब धरला. "खरं सांगा! उंच आहेत? गोरे आहेत? माझं नाव सांगितलंत?"

"तुझं नाव कशाला सांगू? दार उघडून दिलं त्यांचं. नवंकोरं कुलूप होतं गं, एक ओरखडा नाही. चौकटीखाली लाकडाचा भुसासुद्धा तसाच पडलेला."

पलीकडे काकूंनी चालू टीव्ही बंद केला. आणि काकूंनी टीव्ही बंद करणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "चावी राहिली, तर बायकोला फोन का नाही केला त्यांनी? शेजाऱ्याला हाक का नाही मारली? आणि घरात सगळं नीट चाललेलं असताना कोण कुलूप बदलतं?"

काकांच्या डोळ्यांसमोर मघाचं दार पुन्हा उघडलं. आत शिरताना दादा दिव्याचं बटण उजव्या भिंतीवर चाचपडत होते. बटण डावीकडे होतं. स्वतःच्या घरात माणूस अंधारातसुद्धा बटण चुकत नाही. आणि उंबऱ्याशी एका बाईच्या चपला होत्या, त्यांना चिकटून लहानशी गुलाबी चप्पल. पुरुषाचा एकही जोड नव्हता.

काकांनी ते सगळं काकूंना सांगितलं. हे कुलूप ज्याला बाहेर ठेवायला बदललं होतं, त्यालाच आपण आत घेतलं.

"मागे फिरा आधी!" काकू ओरडल्या. "आणि त्या बाईला वर जाऊ देऊ नका!"

काका धापा टाकत फाटकाशी आले. पोलिसांना काय सांगणार? थोरले दादा घरात शिरले? ते सही मागायला येतील. काकांनी वॉचमनलाच त्या बाईबद्दल विचारलं. "पाचव्या मजल्यावरच्या मॅडम?" वॉचमन खुशीत म्हणाला. "येतीलच शाळेतून मुलीला घेऊन. आल्या की वर कळवायला सांगितलंय साहेबांनी. सरप्राइज आहे म्हणे."

 काका फाटकाच्या मधोमध उभे राहिले. आता शाळा सुटल्या होत्या, फाटकातून मायलेकींची रांग येत होती, आणि वर बसलेला चेहरा गावाला पाठ असला, तरी जिला वाचवायचं होतं तिचा चेहरा काकांना ठाऊक नव्हता; वॉचमनला विचारावं, तर तो आधी वर कळवणार.

"ताई, पाचवा मजला?"

"नाही हो."

"ताई, तुम्ही पाचव्या..."

"तुम्हाला काय करायचंय?" त्या बाईने पोरीला ओढून जवळ घेतलं.

मग एकजण आली. फाटकात शिरण्याआधी तिने वळून मागचा रस्ता पाहिला, दोन्ही बाजूंना. काकांनी न विचारताच ओळखलं.

"ताई, मी किल्लीवाला. तुमचं दार मी उघडून दिलं. ते वर आहेत."

ती ओरडली नाही. तिने मुलीचा हात नुसता घट्ट धरला. "पत्ता कळला त्याला," एवढंच म्हणाली.

"आई, बाबा आलाय?" मुलीने कुजबुजत विचारलं आणि आईच्या मागे लपली.

तेवढ्यात वॉचमनने आनंदाने इंटरकॉम उचललाच. "साहेब, मॅडम आल्या!"

लिफ्टवरचा लाल आकडा हलला. पाच. चार.

काकांनी पेटी वॉचमनच्या खुर्चीवर टाकली, दोघींना फाटकाशी लावलेल्या आपल्या स्कूटरवर बसवलं आणि किक मारली. स्कूटर खोकली. पुन्हा मारली. मागे लिफ्टचं दार सरकलं, आणि तोच मधाळ आवाज आला, पण या वेळी उसासे नव्हते. "थांब. थांब म्हणतो ना."

 जन्मात काकांनी आवाज चढवला नव्हता. तरी त्यांनी तोंड उघडलं, आणि आतून निघाली ती हुबेहूब काकूंची किंकाळी:

"अगंबाई! थोरले दादा! अहो, बघा तरी, थोरले दादा आलेत!"

सगळी रांग वळली. आया, पोरं, पार्सलवाले, दोन आजोबा, सगळे फाटकात तुटून पडले. "दादा, एक फोटो!" "दादा, माझी आई तुमच्यासाठी उपाशी राहते हो!" "दादा, इकडे बघा ना!" दादा अडकले. त्यांना हसावं लागलं, कोणाच्या तरी बाळाला कडेवर घ्यावं लागलं. ओठ हसत होते. डोळे मात्र स्कूटरच्या नंबरावर होते.

तिसऱ्या किकला स्कूटर सुरू झाली. कोपरा वळताच ती बाई पुढे वाकली. 

"पोलीस चौकी," ती म्हणाली. "पण तिथे माझं कोण ऐकणार? तो म्हणेल, माझंच घर, मीच कुलूप उघडलं."

"त्यांनी नाही," काका म्हणाले. परवाना आता जाणार, हे त्यांना कळत होतं. "कागद न बघता मी उघडलं. चौकीत तेच लिहून देतो."

मागून एक मोटार जवळ येत होती. काकांनी आरशात बघितलं नाही. वेग वाढवला.