बेस ऐकू आला

भावाचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात गुडघ्याला शेक घेत बसले होते. तो म्हणाला, "पुण्याची एक कंपनी आपली सगळी गाणी एकत्र काढणार हाय. पैल्या कॅसेटीपासनं शेवटच्या कार्यक्रमापतोर. बॉक्स सेट म्हणत्यात त्याला. पाच तबकड्या, फोटोंचं पुस्तक, सगळं एका पेटीत."

"जिवंत माणसांचं काढतात का असलं?" मी विचारलं.

"आपलं काढालेत की."

आमचा बँड म्हणजे आम्ही चौघं. भाऊ ड्रम वाजवायचा. त्याआधी तो कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत तालमीच्या मिरवणुकीला हलगी वाजवायचा आणि एरवी गॅरेजमध्ये इंजिनं खोलायचा. गिटार वाजवणारा आमच्याच गल्लीतला. त्याच्या घरी वडिलांच्या आधीपासून हार्मोनियम दुरुस्तीचं काम. त्याचे मामू बोटीवर नोकरीला होते. त्यांनी आणलेल्या टेपांमध्ये त्याला ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं संगीत सापडलं आणि मग त्याचं लक्ष दुसऱ्या कशात लागेना. गायक मुरगूडचा. घरचं कापडाचं दुकान, आईशी कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि आवाज असा की भर बाजारात त्याला माइक लागला नसता.

चौथी मी. आधीचा बेस गिटारवाला नोकरीसाठी आखातात गेला, तेव्हा भावानं ते जड वाद्य आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "तुला सतार येती. हिला तर चारच तारा हायत," तो म्हणाला. तारा चारच होत्या, पण जाड होत्या. पहिल्या महिन्यात माझी बोटं इतकी सोलली की आईला मी कणीक मळून देईना. पण त्या वाद्याचा आवाज कानाआधी पोटात जातो, हे मला पहिल्याच दिवशी कळलं आणि मी ते सोडलं नाही. गिटारवाल्यानं विचारलं, "पुढच्या कार्यक्रमाला कोण वाजवणार?" मी म्हणाले, "मी वाजवतो की." आमच्या पेठेत बायकाही 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. त्या दिवशी मात्र तो जोर मला खरोखरच लागला.

आम्ही गणपतीच्या मंडपात वाजवलं, गॅदरिंगला वाजवलं, फुटबॉलची टीम जिंकली की चौकात वाजवलं. गाणी आमची आम्हीच करायचो: एसटी चुकलेला माणूस, मॅच हरून परत येणारी टीम, माहेरी जाऊन बसलेली बायको. लोकांना ब्लूज हा शब्द माहीत नव्हता. "ते दुखणाऱ्या दाढेचं गाणं लावा," असं म्हणायचे, आणि मला वाटतं, ब्लूजची याहून चांगली ओळख अजून कुणी करून दिलेली नाही.

पहिली कॅसेट निघाली तेव्हा आम्ही चौघांनी फोटो काढून घेतला होता. कॅसेटवर तिघंच आले. माझ्या बाजूनं फोटो कापला होता. कंपनीचा माणूस म्हणाला, "बाई दिसली की लोक ऑर्केस्ट्रा समजतात." भाऊ त्याच्या अंगावर धावून गेला. मी त्याला धरलं, कारण कॅसेट निघायला हवी होती. पुढच्याही कॅसेटींवर तसंच झालं. आणि नुसता फोटोच नाही. चहाच्या गाड्यावरच्या टेपरेकॉर्डरवर आमचं गाणं लागायचं, तेव्हा गिटार ऐकू यायची, ड्रम यायचा, गायकाचा आवाज तर रस्त्यापलीकडे जायचा. माझा बेस त्या लहानशा स्पीकरमधून कधी बाहेरच पडला नाही. मी पोस्टात नोकरीला होते; तिथल्या मैत्रिणी विचारायच्या, "तू नक्की काय वाजवतेस?" मी हसून विषय बदलायची.

पुढं गायकाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. तो वाचला, पण आवाज गेला. उरला तो खरखरीत, खालच्या पट्टीतला, हळू. तो दुकानात बसू लागला, गिऱ्हाइकाला मापं खुणेनं सांगू लागला. बँड थांबला. थांबवायचं असं कुणी ठरवलं नाही. आम्ही फक्त पुढच्या कार्यक्रमाचा विषय काढला नाही.

फोननंतर काही दिवसांनी कंपनीची साउंड इंजिनिअर आली. तिशीतली मुलगी, हातात हातमोजे. गिटारवाल्यानं मूळ टेपा हार्मोनियमच्या जुन्या खोक्यांत जपून ठेवल्या होत्या. तिनं एक टेप हुंगली आणि म्हणाली, "चिकट झाल्यात. मंद आचेवर शेकाव्या लागतील, मगच वाजतील."

"पापड हायत व्हय?" भाऊ म्हणाला.

"तसंच समजा, काका."

तिनं टेपा पुण्याला नेल्या. पावसाळा संपता संपता ती परत आली ती दोन मोठे स्पीकर घेऊन. गिटारवाल्याच्या हार्मोनियमच्या कारखान्यावरच्या खोलीत तिनं ते मांडले. आम्ही तिघंच होतो. गायक आला नव्हता. तिनं आमचा गगनबावड्याच्या शाळेतला कार्यक्रम लावला. शाळेच्या पत्र्यावर पडणारा पाऊसही त्यात आला होता. मग गाणं सुरू झालं आणि माझा हात आपोआप पोटावर गेला.

बेस ऐकू येत होता. तळातून, एकेक सूर सुटा. गिटार त्याच्यावर उभी होती आणि ड्रम त्याच्या हातात हात घालून चालला होता. इतक्या वर्षांत मी स्वतःला पहिल्यांदा ऐकत होते.

"हे टेपवर होतंच," ती मुलगी म्हणाली. "कॅसेट करताना खाली दाबलं होतं. काकू, सगळं गाणं तुम्ही पेललंय."

भावानं स्पीकरच्या जाळीवर हात ठेवला. मग म्हणाला, "मी तालात हाय असं मला वाटायचं. तू धरून ठेवलं हुतंस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण वाईट वाटून नव्हे. मी म्हणाले, "परत लाव." तिनं परत लावलं. खाली कारखान्यातली माणसं काम टाकून जिन्यात येऊन उभी राहिली.

फोटोचाही प्रश्न सुटला. गिटारवाल्याकडं न कापलेला फोटो होता; तो पुस्तकात आला, आणि झाकणासाठी नवा काढला. पेटीच्या झाकणावर आता आम्ही चौघं आहोत, आणि मी मधोमध, कारण बेस गिटार लांब असते आणि टोकाला उभी राहिले तर तिची मान कापली जाते, असं त्या मुलीचं म्हणणं. मला ते कारण फार आवडलं.

एकच अडलं. कंपनीला शेवटच्या तबकडीत एक नवं गाणं हवं होतं. आम्ही मुरगूडला गेलो. गायकानं दुकानातच चहा मागवला आणि आमचं ऐकून घेतलं.

"अक्का," तो मला म्हणाला, "जुनं घाला की. ह्या आवाजाला कोण ऐकणार?"

आम्ही आग्रह केला नाही. नुसतं वाजवू, गाणं नको, असं ठरवलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी आम्ही स्टुडिओत वाद्यं लावत होतो, तेवढ्यात तो दारात उभा. बरोबर बायको. तिनंच सांगितलं, "रोज पहाटे नदीवर जात्यात. मला वाटलं फिराय जात्यात. मागनं जाऊन बघितलं तर गात होते."

"गात न्हवतो," तो म्हणाला. "बघत होतो, काय उरलंय ते."

त्यानं गाणं करून आणलं होतं. कडवी मराठीत, आणि पालुपद त्याच्या आईच्या कानडीत. इतक्या वर्षांत त्यानं कानडीत एक ओळ गायली नव्हती. आम्ही सुरू केलं, पण जमेना. गिटार हळू केली तरी त्याचा आवाज तिच्याखाली बुडत होता. ड्रमला तर तो टिकतच नव्हता. तिसऱ्या खेपेला त्यानं मान हलवली आणि माइकपासून मागं सरला.

तेव्हा गिटारवाल्यानं गळ्यातला पट्टा काढून गिटार भिंतीला टेकवली. आयुष्यात कुणासाठी गिटार न थांबवलेला माणूस. भावाला म्हणाला, "काठ्या ठेव खाली." मग माझ्याकडं वळला. "तुम्ही दोघं करा. त्याचा आवाज जिथं हाय, तिथं फक्त तूच वाजवतीस."

मी सूर धरला. गायकानं डोळे मिटले. त्याचा आवाज फाटका होता, पण आता तो बुडत नव्हता. माझ्या सुरावर पाय ठेवून एकेक पायरी उतरत होता. पूर्वी तो गाणं फेकायचा. आता शेजारी बसून सांगत होता. आम्ही एकदाच वाजवलं. दुसऱ्यांदा वाजवायची गरज नाही, असं काचेपलीकडून ती मुलगी म्हणाली.

पेटी निघाली तेव्हा कोल्हापुरातच कार्यक्रम करायचा, असा भावानं हट्ट धरला. सभागृह भरलं, जिनेही भरले. कॅसेटीच्या काळातली माणसं आली होती, पांढऱ्या केसांची, आणि त्यांची नातवंडंही. जुनी गाणी आम्ही चौघांनी वाजवली; वरच्या पट्टीतल्या ओळी लोकांनीच म्हटल्या, गायकानं फक्त हात वर केला. मग भाऊ आणि गिटारवाला बाजूला जाऊन बसले आणि आम्ही दोघं पुढं आलो.

गाणं संपलं. गायकानं घाबरून माझ्याकडं पाहिलं. मग सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतून त्याची बायको दोन्ही हात वर करून वाजवत होती. मागून कुणीतरी ओरडलं, "पावणं, अजून एकदा हून जाऊ दे."

त्यानं माइक जवळ ओढला. खरखरीत आवाजात, अगदी दुकानात बोलतो तसा, तो म्हणाला, "कानडी समजलं काय?"

"न्हाय," अख्खं सभागृह म्हणालं.

"मग परत ऐकाय लागंल," तो म्हणाला, आणि मला मान हलवून खूण केली.