बिबट्याचा पुढचा पाय

आपल्याच हाताने आपलं नाक कसं कापून घ्यावं हे शिकायचं असेल, तर माझ्याकडे या. चहा घ्या, बसा, पण गोष्ट संपेपर्यंत हसायचं नाही.

तर मी रंगीत पेन्सिलींनी बिबट्या काढला. आमची वस्ती देवळाली प्रवऱ्याच्या बाहेर, तिन्ही बाजूंनी ऊस. बिबट्याचं इथे कुणाला नवल नाही, पण त्याचं चित्र काढत बसलेली बाई कुणी पाहिली नव्हती. चार महिने, रोज दुपारची भांडी आवरली की मी बसायचे. एकेका ठिपक्याला पाच-पाच पेन्सिली. मिशा पांढऱ्या राहाव्यात म्हणून आधी संपलेल्या रिफिलने कागदावर रेघा दाबायच्या आणि मग वरून रंग द्यायचा. एवढं करूनही आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, येता-जाता विचारायच्या, "झालं का गं तुझं मांजर?"

आत्याबाईंनी उसात खरा बिबट्या पाहिलाय, तोही दोनदा. त्यामुळे मला बक्षीस नको होतं, प्रदर्शन नको होतं. त्यांनी एकदा तोंडाने 'बिबट्या' म्हणावं, बस्स.

शेवटची मिशी झाली त्या दिवशी मी रंग पक्का करायचा स्प्रे मारला, चित्र वाळायला आतल्या खाटेवर ठेवलं, माप घेतलं आणि राहुरीला फ्रेमवाल्याकडे गेले. लाकडी पट्टी घ्यावी की काळी, यावर आमची चर्चा चालली होती, तेवढ्यात वस्तीच्या ग्रुपवर फोटो आला. शेजारच्या गणपतने टाकलेला. खाली लिहिलेलं, 'वस्तीवर बिबट्या बसलाय. पोरं घरात घ्या.'

घरी आत्याबाई एकट्या होत्या.

फोटो लांबून काढलेला, धुरकट. पुढे उसाचा पाला, त्याच्या मागे बिबट्याचं तोंड आणि एक पाय. मी फोटो बोटांनी मोठा केला, आणि काय सांगू, भीती पळाली आणि माझ्यातली चित्रकार जागी झाली.

"खरा हाय का ओ ताई?" फ्रेमवाल्याने घाबरत विचारलं.

"छे हो. पाय बघा ना."

एवढ्यावर थांबायचं की नाही? मी ग्रुपवर माझ्या आवाजात मेसेज सोडला. "घाबरू नका. हा खरा नाही, चित्र आहे. कुणीतरी नेटवरून उचलून टाकलंय. मी चार महिने बिबट्याच काढतेय, मला कळतं. पुढचा पाय बघा, नुसतं मुसळ. एक कान वर, एक खाली. कुणातरी नवशिक्याचं काम आहे."

फ्रेमवाला माझ्याकडे आदराने बघायला लागला. ग्रुपवर मात्र कुणी हात जोडले नाहीत, कुणी अंगठा दाखवला नाही. मग आत्याबाईंचा फोन आला.

"अगं, तुझंच हाय ते."

"काय माझंच?"

"चित्र. त्या फवाऱ्याच्या वासानं डोकं उठलं माझं, म्हनून बाहेर गोठ्याच्या भिताडाला टेकवलं. वाऱ्यानं पडू नये म्हनून म्होरं उसाच्या पाल्याच्या मोळ्या लावल्या. त्या गनपतनं रस्त्यावरनं बघितलं अन् बोंबलत सुटला. समदी वस्ती काठ्या घिऊन आली. मी म्हनलं, आरं, आमच्या सुनेनं काढलेला बिबट्या हाय ह्यो. म्या दोनदा खरा बिबट्या बघितलाय, त्यो बी असाच हुता. जवळ नेऊन दावला समद्यास्नी. लई नावाजत हुते गं तुला."

मग म्हणाल्या, "अन् तेवढ्यात मोबाईलमधी तुझा आवाज आला."

माझ्या आत्याबाई बिबट्या म्हणाल्या होत्या, भर वस्तीसमोर, आणि त्याच क्षणी मी राहुरीत उभी राहून त्याला मुसळ म्हणत होते. रडू येत होतं आणि हसूही.

घरी पोचले तर माणसं अजून गोठ्यापाशीच. बिबट्याच्या डोळ्यांत, ज्यांच्यासाठी मी आठवडाभर मान मोडली होती, एकही जण बघत नव्हता. सगळ्यांची नजर पायावर. गणपत काठी सावरत अदबीने म्हणाला, "ताई, आमास्नी कायबी कळलं नव्हतं. पन तुमी सांगितल्यापून खरंच जाड दिसाया लागलाय."

आता ते चित्र काचेच्या फ्रेममध्ये बाहेरच्या खोलीत लावलंय. काळी पट्टी घेतली शेवटी. पाहुणे येतात, म्हणतात, अगदी जिवंत वाटतो हो. मी जरा लाजून पदर नीट करते न करते, तोच आत्याबाई चहाचा कप खाली ठेवतात.

"बिबट्या झ्याकच हाय. फकस्त पाय चुकलाय," त्या शांतपणे सांगतात. "मी न्हाई म्हनत बरं का. जिनं काढलाय तीच म्हनती. थांबा, ऐकवते."

आणि मोबाईल काढतात.