पेट्रोलच्या नळीवरचा चुंबक

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी हायसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. संध्याकाळचे सहा वाजत आले होते, माझी मुलगी पल्लवी स्कूटीवरून कळंबहून परत यायची होती, आणि तिला उशीर झाला की वाजणारा प्रत्येक फोन मला अपघाताचाच वाटतो. पलीकडून सुधाकरचा पुतण्या म्हणाला, "काका गेले... दुकानातच, बसल्या बसल्या." मी म्हणालो, "बरं, बरं." शाळेपासूनचा मित्र गेला आणि मी बरं म्हणून फाटकाकडे बघत राहिलो. पाच मिनिटांनी पल्लवी आली, तेव्हा कुठे मला कळलं की काय ऐकलं ते.

लोहाऱ्याच्या रस्त्यावर त्याचं दुचाकीच्या सामानाचं दुकान होतं. पेट्रोल वाचवायचं त्याला भारी वेड. कधी टाकीत टाकायच्या गोळ्या, कधी हवेच्या नळीत बसवायचा पंखा, आणि शेवटी पेट्रोलच्या नळीवर चिमटवायचा काडेपेटीएवढा चुंबक. गिऱ्हाईकं येऊन सांगायची, ॲव्हरेज वाढला म्हणून. मी जन्मभर कचेरीत फायली तपासलेला माणूस, मला हे पटणं शक्यच नव्हतं. "लोकांना काय टोप्या घालतोस?" असं एकदा त्याच्या तोंडावर बोललो आणि दोन महिने दुकानाची पायरी चढलो नाही. तो मात्र दर रविवारी घरी यायचा, माझा फुगलेला चेहरा बघत निवांत चहा प्यायचा. रागवायचं कसं हे त्याला माहीतच नव्हतं.

मग पल्लवीला कळंबच्या कॉलेजात नोकरी लागली. पोरगी साठ-सत्तरनं गाडी हाणायची, ट्रकच्या बाजूनं काढायची. मी बोललो की म्हणायची, बाबा, तुम्ही उगाच घाबरता. घाबरत होतोच! साडेपाचपासून फाटकाशी येरझारा, छातीत धडधड, बीपीची गोळी दुप्पट झालेली. एका रविवारी हे सगळं सुधाकरपुढे ओकलो. तो चहा संपवून उठला. दुसऱ्या दिवशी तिला दुकानात बोलावून त्यानं स्कूटीला चुंबक बसवला आणि नियम सांगितले, चाळीसच्या वर गेलं की चुंबक काम करत नाही, एकदम ब्रेक मारायचा नाही, आणि दर रविवारी ॲव्हरेज किती निघाला ते सांगायचं. पल्लवी खरोखर चाळीसनं यायला लागली. ॲव्हरेजही वाढला. मी थक्क होऊन दुकानात गेलो, तर हा हसतोय.

"चुंबकात काही नाही बे," तो म्हणाला. "चालवणारा हळू झाला का ॲव्हरेज वाढतेच. तिले सांगू नको फक्त."

नाही सांगितलं. पण त्या दिवसापासून एक नवीच धास्ती लागली, तिला कधी कळलं तर? आणि सुधाकर गेल्यावर ती दुप्पट झाली. आता रविवारी विचारणारं कोण होतं?

तेरवी झाली, त्याच आठवड्यात पल्लवीनं गाडी सर्व्हिसिंगला टाकली. तिथल्या मेकॅनिकनं चुंबक काढून तिच्या हातावर ठेवला, म्हणाला, मॅडम, कोणी तरी तुम्हाला बनवलं. ती घरी आली, चुंबक टेबलावर ठेवला. सुधाकरची बाजू सावरायला मी काहीबाही बोलायला लागलो, तर तिनंच थांबवलं.

"बाबा, मी केमिस्ट्री शिकवते. मला पहिल्या दिवशीच माहीत होतं."

"मग चाळीसनं कशाला यायचीस?"

तिनं टेबलावरचा चुंबक उचलून हातात घेतला.

"काकांनी बसवतानाच सांगितलं होतं. म्हणाले, 'गाडीले काही गरज नाही पोरी, तुह्या बापाले हाय. त्याच्यासाठी लावून राह्यलो. त्याले सांगू नको फक्त.'"

सुधाकरसाठी मी त्या दुपारी रडलो, पोरीसमोर, हुंदके देऊन.

चुंबक परत गाडीवर गेला नाही. फ्रिजच्या दारावर तो पल्लवीच्या तासांचं वेळापत्रक धरून बसला आहे. साडेपाच वाजले की पाय फाटकाकडे निघतातच, पण आधी मी फ्रिजपाशी जरा थांबतो. काम करतो रे सुधाकर, तुझा चुंबक. थोडंसं, पण करतो.