वरातीच्या घोडीच्या दाढा

दातांच्या दवाखान्यात घासलेल्या दाताचा वास आला की मला सिन्नरची आमची वरातीची घोडी आठवते. तिच्या दाढांना टोकं आली होती, घास तोंडातून पडायचा. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, “शेठ, दाढा घासायचे दोन हजार, गुंगीच्या इंजेक्शनचे हजार वेगळे.” मी म्हणालो, “इंजेक्शन राहू द्या. घोडी हाय ती, नवरी नाय.” “तिला फार दुखेल,” ते एकदाच म्हणाले. मी तिचं डोकं खांबाला आवळून बांधलं आणि हातभर लांब कानस तिच्या जबड्यात फिरू लागली. तोंडाचा फेस लाल झाला. ती पुन्हा नीट खाऊ लागली, पण लगाम माझ्या हातून कधीच घेतला नाही. बायकोच्या हातून निमूट घ्यायची. डॉक्टरांनी आणखी एकदा आग्रह केला असता तर मी हजार दिले असते. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.