सीडी लागली नाही ती संध्याकाळ

तिसऱ्यांदा कुई वाजली तेव्हा कंपनीचे एचआर मॅनेजर तरातरा माझ्या साउंडच्या मिक्सरपाशी आले. त्यांच्या हातात भजनांची सीडी होती.

रांजणगावच्या एका कंपनीचा ॲन्युअल डे होता. बरेच कामगार केंदूरचे, म्हणून तिथलं भजनी मंडळ बोलावलं होतं. साउंडचं काम माझ्याकडे आणि माझ्या थोरल्या भावाकडे. त्यांना सगळं शिरूर भाईजान म्हणायचं. मी मिक्सरवर बसायचो, भाईजान शेवटच्या खुर्च्यांमागे उभे राहायचे. मिक्सरवरच्या माणसाला मागे काय ऐकू येतं ते कळत नाही. त्यांनी हात वर केला की आवाज वाढवायचा, कानाला लावला की शब्द गढूळ येतायत असं समजायचं.

कुई म्हणजे फीडबॅक. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो, तिथून परत स्पीकरमध्ये, आणि बघता बघता किंचाळायला लागतो. जितके माइक उघडे, तितका धोका जास्त. मॅनेजरांना टीव्हीसारखं स्टेज हवं होतं. सगळे गायक एका ओळीत, तोंडं लोकांकडे, प्रत्येकाला वेगळा माइक, पखवाज पार टोकाला. मी सकाळीच नको म्हटलं होतं.

माइकांचा आवाज खाली आणून मी कुई दाबली. तरी गाणं उभं राहीना. टाळ पुढे पळत होते, पखवाज मागे रेंगाळत होता. मंडळाचे मुख्य गायक आप्पा सारखी मान वळवून टोकाला बघत होते आणि मान वळली की तोंड माइकपासून सुटत होतं. लोक हसायला लागले. आप्पा गाणं थांबवून खाली उतरले.

मॅनेजर मला म्हणाले, "बास झालं. सीडी लावा. यांना नुसते ओठ हलवू द्या."

आप्पांनी ते ऐकलं. त्यांच्यासाठी गावाहून टेम्पो भरून माणसं आली होती.

"म्हंजी मुकं गायचं?" ते हळूच म्हणाले. "माझ्या गावाम्होरं?"

मी विचारलं, "आप्पा, पखवाजाचा हात दिसत नाही ना?"

"त्याच्या हाताकडं बघितल्याबिगर मला ओळ उचलताच येत न्हाई वो."

मी स्टेजवर गेलो. तीन सोडून बाकीचे सगळे माइक काढले. देवळात बसतात तशा दोन रांगा समोरासमोर बसवल्या आणि पखवाज मधोमध ठेवला.

मॅनेजर म्हणाले, "असं बसल्यावर लोकांना यांचे नुसते कान दिसणार का?"

"दिसू द्या साहेब. सीडीला तर कानसुद्धा नाहीत."

सीडी मी मागून घेतली आणि तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला.

आप्पांनी पखवाजाकडे पाहिलं, पखवाजवाल्यानं मान हलवली, आणि तेच गायक एकदम वेगळे झाले. समोरच्या रांगेनं ओळ टाकायची, या रांगेनं ती वरच्यावर झेलायची. आप्पांनी तान लांबवली तशी टाळ थबकले. आता हा माणूस कुठे उतरणार, हे टाळकऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. हसणारी पोरं खुर्च्यांवरून पुढे सरकली. आप्पा समेवर उतरले आणि सगळ्या मंडपाच्या तोंडून एकच हुंकार आला. हे सीडीत मिळत नाही. सीडीला आधीच सगळं माहीत असतं.

मी सवयीनं मागे पाहिलं. भाईजानचा हात वर नव्हता, कानालाही नव्हता. डोळे मिटून ते टाळ्यांवर ताल धरत होते.

सामान गाडीत भरताना मी वैतागून विचारलं, "खूण का केली नाही?"

"कशाची खूण?" भाईजान म्हणाले. "मी ऐकत होतो ना."

भाईजान या हिवाळ्यात गेले. आता मागे कुणी उभं नसतं. मीच अधूनमधून मिक्सर सोडून शेवटच्या खुर्च्यांपर्यंत जाऊन येतो. या धंद्यात नव्यानं येणाऱ्याला एवढंच सांगतो, की मिक्सरवरचा आवाजाचा मीटर बघ, पण त्याच्यावर फार विसंबू नकोस. मागचा माणूस ऐकण्यात रमून खूण करायला विसरला, की बटणांवरचा हात काढून घ्यायचा.