कोडमध्ये नसलेला लाल रंग

भूतखेत, चकवा, अंगात येणं — माझा कशावरच विश्वास नव्हता. मी घरून काम करणारी सॉफ्टवेअरवाली. जे लॉगमध्ये दिसत नाही ते घडलंच नाही, असं मानणारी. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय... पण लिहिते.

आमचं गाव केनवड, तालुका रिसोड. गावाला लागूनच काकांचा टमाट्यांचा मळा आणि त्यातल्या विहिरीत मोटरपंप, वर काठावर स्टार्टर. स्टार्टरच्या पेटीत मी सिमकार्डवाला एक डबा बसवलाय, बॅटरीवर चालणारा. मोटर चालू की बंद ते तो कळवतो आणि माझी छोटीशी शेल स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा प्रोग्राम, ते लॅपटॉपच्या टर्मिनलवर, त्या काळ्या खिडकीत, छापते. मागच्या हिवाळ्यात मी त्यात रंग घातले. चालू हिरवा, बंद लाल. काका बघून म्हणाले, "लाल नको व बाई. लाल दिसलं का मले धडकी भरते." मी हसले, पण बदललं. बंद म्हणजे पिवळा. टर्मिनलमध्ये प्रत्येक रंगाला आकडा असतो; लालचा कोड ३१, तो स्क्रिप्टच्या फाईलमधून पार काढून टाकला.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. लाईट गेलेली. मी सहज स्क्रिप्ट चालवली — "विहीर : बंद". लाल.

आणि नुसती ती ओळ नाही. रंग परत मागे घ्यायचा कोड लिहायला विसरलं, की पुढचं सगळं त्याच रंगात येतं. तसं खाली सगळं लालच. फाईल उघडली. पिवळ्याचा ३३ जागेवर, मागे घ्यायचा कोडही जागेवर. ३१ शोधला... कुठेच नाही. पुन्हा चालवली, पुन्हा लाल. भीती वगैरे काही नाही, माझं डोकंच फिरलं. लॅपटॉपची बटणं दाबून बघायची खोड आमच्या घरात फक्त काकांना. लगेच फोन लावला. उचलेनात. मीही हट्टाने लावत राहिले. तिसऱ्यांदा उचलला.

"काका, तुमी माह्या लॅपटॉपले हात लावला का?"

"मी कायले लावू? पंपात वाफ्यावरचा मल्चिंगचा प्लास्टिक कागद गुंडाळला, तो काढून राह्यलो होतो. तुह्या फोनपायी हिरीतून वर आलो—"

फोनमध्ये त्यांच्या मागे मोटरचा आवाज सुरू झाला. लाईट आली होती. आमच्याकडे लाईटचा नेम नाही, म्हणून स्टार्टरला ऑटो लावून ठेवतात. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. काकांनी तो ऑटो बंदच केला नव्हता.

 काका म्हणाले, "बाई, आत्ता माहा हात होता व तिथं."

मी चप्पल न घालताच मळ्याकडे पळाले. काका विहिरीच्या काठावर बसून आपली बोटं बघत होते. त्यांचे हात धरून मी रडले, आणि मग आम्ही दोघंही वेड्यासारखे हसलो. इतकं हलकं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

घरी येऊन स्क्रिप्ट चालवली. चालू, हिरवा. संध्याकाळी बंद, पिवळा. लाल त्यानंतर एकदाही आला नाही. टर्मिनलच्या सेटिंग्ज बघितल्या, ऑफिसातल्या मैत्रिणीकडून कोड तपासून घेतला... तिलाही काही सापडलं नाही. खरं सांगायचं तर मी आता शोधतही नाही.

काका मात्र विहिरीत उतरायच्या आधी स्टार्टरचे तिन्ही फ्यूज काढतात, घरी येतात आणि माझ्या कीबोर्डवर ठेवतात. "सांभाळ व," एवढंच म्हणतात. मीटिंग असो की डेडलाईन, ते परत येईपर्यंत मी एक अक्षर टाईप करत नाही.