नागीण उतरवणाऱ्या आत्या

आमच्या सिन्नरकडच्या गावात कुणाच्या अंगावर नागीण उठली, की तो दवाखान्याच्या आधी आमचं दार वाजवायचा. एकाच कुशीला आग आग करणारे, पाण्याने भरलेले फोड. माझ्या सासूबाई नवसाबाई त्या फोडांच्या पट्ट्याभोवती गेरूची रेघ ओढायच्या, काहीतरी पुटपुटायच्या. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं तर माणूस संपला, अशी समजूत. बदल्यात चहासुद्धा घ्यायचा नाही, हा सासऱ्यांनी घालून दिलेला दंडक. माणसं बरी व्हायची. ती आपोआपही होतात, असं मी एकदा बोलून गेले, तर आठवडाभर घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

आणि या उन्हाळ्यात नागीण आत्यांनाच उठली. सासूला मी आत्याच म्हणते. आधी अर्धं कपाळ ठणकलं, मग फोड आले, पापणी सुजून डावा डोळा मिटला. नाकाच्या शेंड्यावरही एक फोड. पंचाईत अशी, की उतरवणाऱ्याने स्वतःची नागीण उतरवायची नसते. आत्यांनी गेरू कालवून वाटी माझ्या हातात दिली.

"मनीषा, तू ओढ रेघ. डोळ्याच्या कडंकडंनं."

"आत्या, डोळा जाईल. मी नाही ओढणार."

"जाऊ दे गेला तर. लय बोलू नको."

तेवढ्यात शेजारच्या वाडीचे धोंडीराम आले. त्यांच्या छातीवर नागीण. शर्ट काढून ओट्यावर बसलेसुद्धा. आत्यांनी माझ्याकडून वाटी घेतली, उघड्या डोळ्याने त्यांचे फोड पाहिले, गेरूत बोट बुडवलं आणि थांबल्या.

"धोंडीराम, शर्ट घाल," त्या म्हणाल्या. "ह्यो गेरू माझ्या डोळ्याजवळ आणायचा म्हनलं तर मलाच भ्या वाटतंय. मग तुझ्या छातीला कोन्त्या तोंडानं लावू?"

"पण एवढ्या लोकांची उतरवली की तुमी!"

"उतरली आसंल. नायतर आपली आपण गेली आसंल. मला काय म्हाईत?"

पंचक्रोशीत जन्मभर कमावलेलं नाव या बाईने चार शब्दांत सोडून दिलं, तेही गिऱ्हाईक दारात बसलेलं असताना. मोठमोठ्या खुर्च्यांवरच्या लोकांना हे जमत नाही. मी लगेच रस्त्यावरून जाणारी जीप थांबवली आणि दोघांनाही नाशिकला नेलं.

डॉक्टर म्हणाले, लहानपणी कांजिण्या झाल्या की त्यांचा विषाणू नसेत दबा धरून बसतो. वय झालं, अंगातली ताकद कमी झाली, की त्याच नसेच्या वाटेने वर येतो. म्हणून पट्टा एकाच बाजूला. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झालेल्या बऱ्या. फोड सुकेपर्यंत तान्ही बाळं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहायचं. ठणका मात्र महिनोन् महिने राहू शकतो.

"आन् तोंड शेपटीला मिळालं तर?" धोंडीरामांनी हळूच विचारलं.

"काही होत नाही हो. पण या आजींच्या नाकावर फोड आहे, आणि तीच नस डोळ्यालाही जाते, म्हणजे डोळ्याला धोका आहे."

गोळ्या झाल्या, डोळ्यातले थेंब झाले, सूज उतरली. शेवटच्या तपासणीला डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत्यांचा चांगला डोळा झाकला आणि समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. आत्या फळ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मी पदर डोळ्यांना लावला.

"दिसत नाही का, आजी?"

"दिसतंय की समदं," आत्या चिडून म्हणाल्या. "वाचता कुठं येतंय मला? आन् ही रडतीया, ती बी दिसतीया."